शहराचा वकील



आपल्याकडे वकील म्हटला की पक्षकार आलाच. कुळाचा वकील वेगळा, मालकाचा वेगळा. पण नुकसान साऱ्या गावाचे झाले, आणि तेही एकेकाच्या वाट्याला चिमूटभरच आले, तर वकिलाकडे जायचे कोणी? फी भरायची कोणी? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या प्रश्नाला जे उत्तर काढले आहे, ते ऐकण्यासारखे आहे.

त्या राज्यात सॅन फ्रान्सिस्को नावाचे बंदराचे शहर आहे. या शहराचा म्हणून एक वकील असतो, आणि लोक त्याला मते देऊन चार वर्षांसाठी निवडतात. चोरी-खुनाचे खटले त्याच्याकडे नसतात. त्यासाठी दुसरा अधिकारी आहे. याचे रोजचे काम तसे रुक्षच. करारमदार तपासायचे, कारभाऱ्यांना सल्ला द्यायचा, शहरावर दावा झाला तर बाजू मांडायची. हे तर आपल्या नगरपालिकेचा वकीलही करतो. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या वकिलाला ‘कॅलिफोर्नियाची जनता’ या नावाने स्वतः वादी होऊन कोर्टात जाता येते. व्यापारात लबाडी झाली, तर प्रत्येक लबाडीमागे अडीच हजार डॉलरपर्यंत दंड मागता येतो. शिवाय सार्वजनिक उपद्रव, म्हणजे अनेकांच्या जिवाला बाधणारी गोष्ट, दूर करण्याचा खर्च ती करणाऱ्याच्या माथी मारता येतो.

रंगाचेच घ्या. जुन्या घरांच्या भिंतींना, दाराखिडक्यांना शिसे घातलेला रंग असे. तो जुना झाला की पोपडे सुटतात, धूळ होते. रांगते मूल जमिनीवर हात टेकते आणि तीच बोटे तोंडात घालते. शिसे थोडे थोडे पोटात जाते नि मेंदूची वाढ खुंटते. वरून काही दिसत नाही. मूल अभ्यासात मागे पडते, आणि आम्ही मास्तर म्हणतो, पोरगं मठ्ठ आहे! अमेरिकेत घरांसाठी असला रंग १९७८ साली बंद झाला. पण भिंतीवर बसलेला रंग कायदा केल्याने थोडाच उतरतो?

२००० साली सांता क्लारा परगण्याने रंगाच्या कंपन्यांवर दावा लावला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोसह दहा शहरे व परगणे त्यात एकत्र आले. त्यांचे म्हणणे असे की, शिसे बाधते हे ठाऊक असूनही तुम्ही हा रंग घरात लावा म्हणून जाहिराती केल्या. कंपन्या म्हणाल्या, घराची निगा राखणे हे मालकाचे काम. खालच्या कोर्टात दावा एकदा फेटाळलाही गेला. २००६ साली अपिलात तो पुन्हा उभा राहिला. २०१४ च्या जानेवारीत तीन कंपन्यांनी ११५ कोटी डॉलर द्यावेत असा निकाल झाला, दोन कंपन्या सुटल्या. २०१७ साली वरच्या कोर्टाने १९५१ पूर्वीच्या घरांपुरतीच जबाबदारी मान्य केली, आणि २०१९ साली साडेतीस कोटी डॉलरवर तडजोड झाली.

एकशेपंधराचे साडेतीस झाले, आणि त्यात एकोणीस वर्षे गेली. दाव्याच्या वेळी रांगणारे मूल तोवर कॉलेजात जाण्याच्या वयाचे झाले. याला विजय म्हणावे की नाही, मी सांगू शकत नाही. निवडून यायचे म्हटल्यावर गाजणारा दावाच वकिलाला आधी दिसेल, हीही शंका मला येतेच. तरी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एखाद्या आईला एकोणीस वर्षे तारखा करता आल्या असत्या का?

आपल्याकडे घरगुती रंगातील शिशाला मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले. निवडून दिलेला असा वकील मात्र आपल्या शहरांना नाही. पण दिवाणी प्रक्रिया संहितेचे ९१ वे कलम पाहावे. सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध राज्याच्या ॲडव्होकेट जनरलला दावा लावता येतो. आणि कोर्टाची परवानगी घेतली, तर कोणाही दोघांना तो लावता येतो. त्यांचे स्वतःचे वेगळे नुकसान झालेले नसले तरी चालते.