विसावा मागून घ्यावा लागतो
(सुलतानपूर, ता. लोणार येथील महिला मंडळाच्या बैठकीतील भाषण)



पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तूप लावून चोळतात. पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैल आळशी झाला, असं कुणी म्हणत नाही. त्याच दिवशी घरची बाई मात्र पहाटेपासून पुरणासाठी चुलीपुढे असते. दुपारी जराशी आडवी झाली आणि दारात कुणी आलं, की दचकून उठते, हाती सूप घेते. तिला रागवायला कुणी लागतच नाही. ‘बाईनं बसून राहू नये’ हे लहानपणापासून मनात भरवलेलं असतं.

रविवारची सुट्टीही कुणी आपण होऊन दिली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये ती मागितली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत दहा हजार गिरणी कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला सुट्टी मंजूर झाली. घरकामाला मात्र अजून रविवार नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८.

म्हणून ‘विश्रांती घ्या’ एवढं सांगून भागणार नाही. निंदण-सोंगणीहून दोघं बरोबरच घरी येतात. मग पाणी कुणी भरायचं, भांडी कुणी घासायची, हे घरात बोलावं लागेल. मुलाच्या हाती झाडू द्यावा लागेल. आणि शेजारीण दुपारी पडलेली दिसली, तर आपण तिला नावं ठेवायची नाहीत. सुरुवात इथूनच करू.