पोरांना कल्याणमित्र हवा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्हाला आपल्या बाभुळगावातल्या आठवी ते बारावीच्या पोरांविषयी चार शब्द बोलायचे आहेत. सुरुवात आमच्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी दहावीत नापास झालेल्या एका पोराला आम्ही याच विहारात सर्वांदेखत रागावलो. "बाबासाहेब दिव्याखाली शिकले, आन् तू खर्रा खात फिरतो!" पोरगा मान खाली घालून गेला, तो परत आला नाही. मागाहून कळले की बाप अंथरुणाला खिळला होता आणि पोरगा कापूस वेचून घर चालवत होता. आम्ही बाबासाहेबांचे नाव घेतले, पण त्याला जेवला का म्हणून विचारले नाही.

बाबासाहेब एकटे घडले नाहीत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या विद्यार्थ्याची कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपणहून विचारपूस केली, वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून शिष्यवृत्तीचा मार्गही मोकळा केला. अशा माणसाला आपल्या धम्मात कल्याणमित्र म्हणतात. आनंद म्हणाले, चांगली मैत्री म्हणजे अर्धे धम्मजीवन. भगवान म्हणाले, अर्धे नव्हे, पूर्ण.

अमेरिकेत ऑकलंड नावाचे शहर आहे. १९६६ साली तिथे ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि त्यापासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच ऑकलंडच्या सरकारी शाळांनी २०१० साली कृष्णवर्णीय मुलांसाठी खास विभाग काढला. त्यांच्याच समाजातले पुरुष वर्गात उभे राहून पोरांना आपला इतिहास सांगू लागले, त्यांच्या अडचणी ऐकू लागले. 'हा बिघडलेला' असे म्हणून सुरुवात करायची नाही, त्याच्यात काय आहे ते आधी पाहायचे, ही त्यांची रीत.

आम्ही गिरणीतले माणूस. नव्या पोराला मशीनवर एकटे सोडत नाहीत, जुन्या कामगाराशेजारी उभे करतात. धागा तुटला की तो रागावत नाही, हाताला हात लावून सांधायला शिकवतो. मग आपल्या पोरांचा धागा तुटला तर आपण नुसते भाषण का देतो?

म्हणून विनंती आहे. प्रत्येक जाणत्या माणसाने चार-पाच पोरे आपली मानावीत. रविवारी वंदना झाल्यावर तासभर त्यांच्यात बसावे. आधी ऐकावे, मग बोलावे. आपल्या आजा-पणजाने मेलेली ढोरे ओढणे कसे सोडले, १९५६ साली दीक्षा कशी घेतली, हे घरातल्या गोष्टींतून सांगावे. जातीचा दाखला, पडताळणी, शिष्यवृत्ती, स्वाधार योजनेचा अर्ज, यासाठी सोबत कचेरीत जावे. तारीख हुकली की वर्ष हुकते. आणि खर्रा सोड म्हणण्याआधी आपल्या खिशातली पुडी फेकावी. ते आम्हीही उशिराच केले.

पोरींनाही हाच आधार हवा. पण पोरगे मुकाट्याने शाळा सोडते आणि आपण म्हणतो, कमावता झाला! हे थांबले पाहिजे.

तो पोरगा आज परगावी मजुरी करतो. गावी आला की आम्ही त्याच्या घरी जाणार आहोत, रागावायला नव्हे, माफी मागायला. जमले तर बारावीपर्यंतचा फॉर्म भरायलाही.

जय भीम! नमो बुद्धाय!