टमाट्याचे बी आणि नातीची वही
(यावल येथील एका निवृत्त शिक्षकाचे नभोवाणीवरील भाषण)

टमाटे कसे लावावेत, हे सांगण्यास एखादा शेतकीतज्ज्ञ सोडून निवृत्त शाळामास्तरास का पाचारण केले, असा प्रश्न आपणांस पडणे साहजिक आहे. माझी मजल मॅट्रिकपर्यंत, आणि नोकरी सारी प्राथमिक शाळेत. बीजाचे अंकुरण हा पाठ मी तीस-पस्तीस वर्षे फळ्यावर रंगीत खडूंनी काढून शिकविला. परंतु त्या साऱ्या काळात एकाही मुलाच्या तळहातावर बी ठेवून ‘हे पेर’ असे म्हटल्याचे मला स्मरत नाही. ही उणीव माझ्या दहा वर्षांच्या नातीने भरून काढली, आणि जाता जाता मास्तरांनाच एक पाठ दिला. तोच आज आपणांपुढे मांडतो.

टमाटा हा आपल्या मुलखाचा मूळ रहिवासी नव्हे. दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ प्रदेश हे त्याचे माहेर. मेक्सिकोतील लोकांनी त्याची लागवड वाढविली. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला आणि पुढे पोर्तुगीजांच्या मार्गाने हिंदुस्थानात उतरला. आमच्या बाजूस व वऱ्हाडात वृद्ध स्त्रिया त्यास ‘भेदरे’ म्हणतात; जुन्या लोकांच्या तोंडी ‘बेलवांगी’ असेही नाव होते. त्यास वांग्याच्या पंक्तीस बसविण्यात त्या लोकांचे मोठेच शहाणपण दिसते. लिनीयस ह्या पंडिताने १७५३ साली वांगे, बटाटा व टमाटा ह्यांना एकाच वंशात घातले. मिरची आणि तंबाखू हीही त्याच कुळातली. आमच्या यावल तालुक्यातील बामणोदची भरिताची वांगी प्रसिद्ध आहेत आणि जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेव्हा वांग्याच्या गावी त्याच्या भावंडाला परके का मानावे?

गणपती बोळविल्यावर आम्ही कामास लागलो. बाजारातील टमाटा बहुधा संकरित असतो. त्याच्या बियांपासून त्याच गुणाचे फळ येईल असा भरवसा नसतो. म्हणून सुधारित सरळ वाण निवडावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘धनश्री’ व ‘भाग्यश्री’ हे वाण तसे आहेत. आम्हांस एका शेतकरी स्नेह्याकडून असल्याच वाणाचे पिकलेले फळ मिळाले. बियांभोवती जो बुळबुळीत गर असतो तो अंकुरास रोखून धरतो. सबब गरासकट बी थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबू द्यावे, मग चोळून धुवावे आणि ताटलीत सावलीला वाळवावे. वास येतो तेव्हा घरातील मंडळी नाके मुरडतात. तिकडे लक्ष देऊ नये.

रद्दी कागदाचे बारा पेले नातीने वळले. यावल हे एके काळी नीळ आणि हातकागद ह्यांकरिता नावाजलेले गाव होते, हे मी तिला त्या निमित्ताने सांगितले. खानदेशची काळी माती एकटी वापरल्यास पाणी धरून ठेवते व वाळल्यावर दगडासारखी होते. तीत नदीची वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत सम प्रमाणात मिसळावे. बी पाव इंचापेक्षा खोल घालू नये. सातव्या दिवशी माना वाकविलेले कोंब वर आले. पहिली दोन पाने साधी असतात. कातरलेल्या कडांची खरी पाने मागाहून येतात. नात रोज वहीत चित्र काढी आणि पाने मोजून लिही.

आणि नवरात्रात एके सायंकाळी बाराही रोपे कोलमडलेली मला आढळली. नात निजली होती. तिचा सकाळचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि मला राहवेना. पहाटे उठून मी ओळखीच्या रोपवाटिकेतून रोपे आणली आणि तिच्या पेल्यांत बसविली.

सकाळी ती वही घेऊन बसली. “आजोबा, काल प्रत्येकाला दोनच पाने होती. एका रात्रीत चार कशी झाली?” मी म्हटले, “रोपे रात्रीच वाढतात.” तिने वहीकडे पाहिले, पेल्याकडे पाहिले, आणि शांतपणे विचारले, “शाळेतसुद्धा तुम्ही असेच सांगत होता का?”

श्रोतेहो, साऱ्या नोकरीत कोणा तपासनीसाने मला इतके निरुत्तर केले नव्हते. मी सारे कबूल केले. तिला दुःख होऊ नये म्हणून हे केले, असे मी स्वतःस समजाविले होते. खरे पाहता तिचे दुःख मला पाहवले नसते, एवढेच त्याचे कारण. ती रडली, पण मेलेल्या रोपांसाठी की माझ्यासाठी, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

मग आम्ही उकिरड्यावर टाकलेली रोपे शोधून आणली. प्रत्येकाचा देठ मातीच्या सपाटीशी दोऱ्यासारखा बारीक होऊन कुजला होता. अतिओलाव्याने बुरशी माजते व कोवळी रोपे अशी कोलमडतात. नात दिवसातून तीनदा पाणी घालीत असे. तिने वहीत लिहिले : ‘पाणी जास्त झाले. मेली.’ आणलेल्या रोपांवर ‘विकतची’ अशी चिठ्ठी लागली, आणि दसऱ्याला दुसरी पेरणी झाली.

ह्या खेपेस बोटाने माती चाचपून, कोरडी लागली तरच पाणी. महिन्याभराने वीतभर झालेली रोपे बुडाशी भोक असलेल्या कुंड्यांत लाविली आणि तुरकाठ्यांचा आधार दिला. तंबाखू मळलेले हात धुतल्यावाचून मी रोपांना शिवू नये असा तिचा दंडक होता, आणि तो सशास्त्र आहे. मोझेक नावाचा रोग तंबाखूतून अशा हातांनी रोपांवर येऊ शकतो. फुले आल्यावर सकाळी देठाला हलकी टिचकी मारावी. पराग झडून फळ धरण्यास साहाय्य होते. पाणी कधी फार, कधी मुळीच नाही, असे केल्यास फळाचे बूड काळे पडते. पेरणीस फार उशीरही करू नये. पारा ३५ अंशांपुढे गेला की फुले गळू लागतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात तो ४५ अंशांस शिवतो.

तिची तीनच रोपे तगली. त्यांतील एकाची पाने पांढऱ्या माशीने आणलेल्या रोगाने आकसली. ते तिने स्वतः उपटले. विकतची झाडे पौषातच फळांनी लवली. तिच्या झाडांना माघात पहिले लाल फळ आले. आजीने त्याची चटणी वाटावयास घेतली, तेव्हा नातीने आधी बी काढून घेतले.

शहरातील पालकांस माझी एवढीच विनंती आहे : मुलाला एक कुंडी द्या, एक वही द्या, आणि रोप मेले तर ते त्याला पाहू द्या. आमच्या घरी ते बी आता एका पुडीत आहे. पुडीवर नातीच्या अक्षरात वर्ष लिहिले आहे, आणि खाली लिहिले आहे : ‘खरे.’