यंत्राचा ठेका, आपली लय

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, "हे काही आपलं काम नाही बाई." विषय आहे सिंथेसायझर, म्हणजे आपण ज्याला कीबोर्ड किंवा सरसकट 'कॅसिओ' म्हणतो ते वाद्य. भजनाला, हळदीला आता ते आलंच आहे. पण वाजवायला माणूस बाहेरून आणावा लागतो. त्याला दुसरी सुपारी असली की आपला कार्यक्रम पुढे ढकलायचा, आणि आला की गायचं त्याच्याच पट्टीत. म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी ठरवलं, निदान यातल्या तीन गोष्टी तरी समजून घ्यायच्या.

पहिली, अर्पेजिएटर. एरवी तीन पट्ट्या दाबल्या की तीन स्वर एकदम वाजतात. अर्पेजिएटर चालू केला की तेच स्वर एकामागून एक येतात. जात्यात आपण सगळं दळण एकदम ओतत नाही, मुठीमुठीनं घालतो, तसं. स्वर वर चढत जायचे, खाली उतरायचे की वर-खाली, एका सप्तकात की दोन, हे आपण ठरवायचं. 'होल्ड' लावलं की हात काढला तरी ते चालू राहतं आणि आपला हात टाळाला मोकळा होतो. मात्र यंत्राला राग कळत नाही. भूप गाताना चुकून मध्यम किंवा निषाद दाबला, तर ते तोच स्वर इमानानं वाजवत बसेल. कान आपलाच लागतो.

दुसरी, सिंक. इगतपुरीकडं भात लावताना बायका एका ओळीत, एका लयीत मागं सरकतात. एकीनं चाल धरली की बाकीच्या तिच्याबरोबर. यंत्रांचंही तसंच. कीबोर्ड आणि ठेक्याचं यंत्र, दोन्हींवर वेग १०० ठेवला म्हणून ती जुळतीलच असं नाही. थोड्या वेळानं एक पुढं, एक मागं होऊ शकतं. म्हणून दोन्ही तारेनं जोडायची. पुढारी यंत्राचं घड्याळ 'इंटर्नल', दुसऱ्याचं 'एक्स्टर्नल'. १९८३ साली आलेल्या 'मिडी' पद्धतीत पुढारी यंत्र प्रत्येक मात्रेला २४ बारीक इशारे पाठवतं आणि दुसरं ते धरून चालतं. पुढारी मात्र एकच हवा, हे गट चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तिसरी, स्विंग. यंत्राचे ठोके अगदी सारख्या अंतरावर पडतात, म्हणून ते कोरडं वाटतं. स्विंग वाढवला की जोडीतला दुसरा ठोका जरा उशिरा येतो. ५० म्हणजे सरळ. ६६ च्या आसपास पहिला भाग दुसऱ्याच्या दुप्पट होतो आणि दादऱ्यासारखा झोल येतो. अमेरिकेतल्या रॉजर लिन यांनी १९८० च्या सुमारास आपल्या ठेक्याच्या यंत्रात ही सोय आणली. आपल्या ढोलकीवाल्याच्या हातात ती आधीपासूनच आहे. भजनाला थोडाच स्विंग ठेवावा, आणि टाळ वाजवणारीला विचारून.

यात आपल्या मातीचंही एक उदाहरण आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. सुरांना ज्युपिटर-८, खर्जाला टीबी-३०३, ठेक्याला टीआर-८०८. तेव्हा ती तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले लोक चकित झाले, कारण तसं संगीत त्यांच्याकडं काही वर्षांनंतर आलं होतं. यंत्र जपानचं होतं, पण राग माहीत असलेला माणूस इथला होता.

आता पैशाचं. कीबोर्डसाठी गटातून लगेच कर्ज उचलू नका. आधी एका कार्यक्रमापुरता भाड्यानं आणा. विकत घेताना तीन गोष्टी स्वतः वाजवून पाहा: अर्पेजिएटर आहे का, मिडी किंवा यूएसबीची जोडणी आहे का, स्विंग बदलता येतो का. घरगुती कीबोर्डात तयार ठेके भरपूर असतात, पण या तिन्ही सोयी असतीलच असं नाही. दुकानदार "सगळं आहे ताई" म्हणाला, तरी बटण दाबून ऐकाच.

आणि शिकायला दोघी-तिघी बसवा. एकीलाच येत असेल, तर ती माहेरी गेली की आपण पुन्हा बाहेरच्या माणसाची वाट बघत बसू.