घाटमाथा ते पठार



‘भूगोल आणि मानवी समाज’ या परिषदेसाठी जुन्नरनगरीत आपले मनःपूर्वक स्वागत.

या विषयाला आमचा तालुका शोभतो. पश्चिमेला घाटमाथ्यावर भात आणि हिरडा, पूर्वेला आणे पठारावर पावसाची वाट पाहणारी बाजरी. तालुका एक, पण सोयरिकीपासून कर्जापर्यंत सगळ्याचा हिशेब पाऊस बदलतो.

डोंगराने आम्हाला नाणेघाटाची खिंड दिली. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल तिथून देशावर चढला. सातवाहनांनी खिंडीतच लेणे खोदले. राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तिथे आजही आहे. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी झाली आणि त्यांच्या दानलेखांत यवनांचीही नावे आली. पण खिंडी सह्याद्रीत पुष्कळ आहेत. जिथे राज्यकर्ते, व्यापारी आणि भिक्षू एकत्र आले, तिथेच शहर वसले. म्हणून भूगोलच सगळे ठरवतो, हे मला पटत नाही.

पण याला दुसरी बाजूही आहे. आमची कुकडी नदी पुढे घोडनदीला मिळते. त्याच घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ पासून तिथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगातले अख्खे गाव उजेडात आले. जवाची शेती, पुराचे पाणी वळवणारा पाट आणि बांध, ऐसपैस चौकोनी घरे. इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास चित्र पालटले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली. पाऊस कमी होत गेला, असा ढवळीकरांचा निष्कर्ष. इसवी सनपूर्व ७०० च्या आसपास गाव उठले. पाट बांधणारी माणसेही अवर्षणापुढे हरली, हे मान्य करावेच लागते.

आज कुकडीवर धरणे आहेत, कालवे आहेत, ऊसही आहे. आणि उन्हाळी आवर्तनावरून तालुक्यातालुक्यांत वादही आहेत. तेव्हा निबंधवाचकांना विनंती, की पाण्याच्या बैठकीत भांडायला बसणाऱ्या शेतकऱ्यालाही कळेल असे बोला. तो आज सभागृहात मागच्या रांगांत बसला आहे, त्याचे प्रश्नही घ्या.

जेवणाला मासवडी आहे. सत्रे वेळेवर संपवण्याची जबाबदारी मी सत्राध्यक्षांवर सोपवतो.