विरजणाची साक्ष



रात्री विरजण लावावे आणि सकाळी दही लागलेलेच नसावे, हा अनुभव अनेक घरांत येतो. गृहिणी थंडीला दोष देते. परंतु कारण कधी निराळेही असते. गाईम्हशीला कासदाह, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेतील दगडी, झाली की सडात प्रतिजैविक औषध सोडतात. त्याचा अंश काही दिवस दुधात उतरतो आणि दही लावणाऱ्या जंतूंनाच रोखतो. दूध उकळल्याने तो पुरता नाहीसा होत नाही.

विरजणाची ही साक्ष शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत नेली. औषधाने चटकन मरणारे जंतू असलेल्या नळीत दूध घालतात. जंतू वाढले तर आम्ल तयार होऊन जांभळा रंग पिवळा होतो. औषध असेल तर जांभळाच राहतो. मात्र या परीक्षेला काही तास लागतात आणि दुधाचा टँकर तितका वेळ थांबत नाही.

१९६२ साली अमेरिकेत लेलंड क्लार्क व चँप लायन्स यांनी विकर आणि विद्युत्-अग्र यांची सांगड घालून रक्तातील साखर मोजण्याची कल्पना मांडली. जैवसंवेदकाचा पाया तेथे घातला गेला. औषध ओळखणारे प्रतिपिंडासारखे जैविक द्रव्य आणि ती ओळख रंगात वा विद्युत्-संकेतात उतरविणारी योजना, ही त्याची दोन अंगे. हातात मावणारी अशी साधने काही मिनिटांत उत्तर देतात. युरोपीय संघाने दुधातील पेनिसिलिनची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. इतका सूक्ष्म अंशही ती हेरू शकतात.

हा अंश क्षुल्लक मानणे धोक्याचे आहे. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला निर्ढावतात, असा इशारा पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात दिला होता.

म्हणून ही परीक्षा संकलन केंद्रावर, घराघरांतले दूध एकत्र होण्यापूर्वी व्हावी; एका जनावराचे दूध साऱ्या टाकीला बाधू शकते. परंतु साधन केवळ संशय दर्शविते. अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच असावा. शिवाय औषध दिल्यानंतर ठराविक दिवस दूध विकू नये हा नियम दोन म्हशींवर संसार चालविणाऱ्याला पाळता यावा, यासाठी त्या दिवसांच्या नुकसानीत संघाने आणि ग्राहकानेही वाटा उचलला पाहिजे. तसे झाले नाही, तर हे साधन शेतकऱ्याचा सोबती न होता त्याच्यावरील पहारेकरीच ठरेल.