आकड्याखाली सही कुणाची?



पालघर जिल्ह्यातल्या सहकारी बँका, पतपेढ्या आणि करसल्लागार यांच्या या परिषदेला खातेदारांनाही बोलवा, असा माझा आग्रह होता. संयोजकांनी तो मानला याचा मला फार आनंद आहे, कारण आज मला त्यांच्या रागाविषयी बोलायचं आहे. बँकेचं अ‍ॅप, यूपीआय, घरखर्च मांडणारं अ‍ॅप, कर भरण्याचं पोर्टल, या सगळ्यांवर लोक चिडलेले असतात. काउंटरमागे बसून आपण तो राग रोज ऐकतो आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढं सांगून पुढच्या माणसाकडे वळतो. हा राग रास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहाटेच्या गाडीने दादरला फुलं घेऊन जाणारी आपल्याकडची एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक कोड स्कॅन करतं. त्याच्या खात्यातून पैसे कटल्याचा मेसेज येतो, हिच्या फोनवर काहीच येत नाही. तो म्हणतो माझे गेले, ही म्हणते माझे आले नाहीत. दोघंही खरं बोलतात. मागे रांग वाढत असते, फुलं कोमेजत असतात, आणि या घडीला पैसे नेमके कुठे आहेत हे सांगणारं तिथे कुणी नसतं.

पैसे कुठे असतात, हे आपल्याला माहीत आहे. गिऱ्हाइकाच्या अ‍ॅपकडून विनंती त्या अ‍ॅपच्या बँकेकडे जाते, तिथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे, मग पैसे देणाऱ्याच्या बँकेत ते वजा होतात, मग घेणाऱ्याच्या बँकेत जमा करण्याचा निरोप जातो, आणि ‘जमा झाले’ हे उत्तर त्याच वाटेने उलटं यावं लागतं. यातलं एक उत्तर वेळेत आलं नाही की व्यवहार अधांतरी लटकतो. बहुतेक वेळा पैसे सुरक्षित असतात, काही तासांत मार्गी लागतात. पण हे त्या बाईला कुणी समजावलंय? अ‍ॅप तिला एक इंग्रजी शब्द दाखवतं आणि गोल फिरत राहतं.

१२ एप्रिल २०२५ला देशभर यूपीआय अडखळलं. त्याआधी २६ मार्चलाही अडखळलं होतं. एप्रिलच्या बिघाडाची एनपीसीआयने तपासणी केली, तेव्हा कळलं की काही बँकांकडून ‘या व्यवहाराचं काय झालं?’ अशी विचारणा करणाऱ्या संदेशांचा यंत्रणेवर पूर आला होता. पुढे अशी विचारणा व्यवहारानंतर किती वेळाने आणि किती वेळा करायची, यावर मर्यादा आली. मला हे कारण फार बोलकं वाटतं. पैसे पोचले का, या साध्या प्रश्नाच्या ओझ्याने यंत्रणा वाकली. विचारण्यावर मर्यादा घालणं तांत्रिकदृष्ट्या योग्यच होतं. उत्तर देण्याची आपली जबाबदारी मात्र त्याने कमी होत नाही.

मोठ्या बँकांचीही यातून सुटका नाही. वारंवार होणाऱ्या बिघाडांमुळे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२०मध्ये एचडीएफसी बँकेला नवी डिजिटल उत्पादनं आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवायला सांगितलं. एप्रिल २०२४मध्ये कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली. आणि ३१ जुलै २०२४चा दिवस तर आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० छोट्या बँका खबरदारी म्हणून पेमेंटच्या जाळ्यापासून तोडल्या गेल्या. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. सॉफ्टवेअर आपण भाड्याने घेतो, पण दारावरची पाटी आपल्या नावाची असते. खातेदार त्या कंपनीला ओळखत नाही, तो आपल्याला ओळखतो.

आता घरखर्चाच्या अ‍ॅपकडे वळतो. आपल्याकडची यातली बरीच अ‍ॅप बँकेचे एसएमएस वाचून जमाखर्च मांडत आली आहेत, म्हणजे त्यांचा हिशेब अंदाजाचा असतो. फसलेल्या व्यवहाराचे पैसे परत आले की त्यांना ते उत्पन्न वाटतं. मुदत ठेव संपून रक्कम बचत खात्यात आली, की त्या महिन्यात घर श्रीमंत झालेलं दिसतं. क्रेडिट कार्डावरची खरेदी एकदा खर्चात पडते आणि त्याच कार्डाचं बिल भरलं की दुसऱ्यांदा. एखादा एसएमएस उशिरा आला, तर तो खर्च झालाच नाही असं समजायचं. नालासोपाऱ्यात घराचा हप्ता भरणारं, दोघंही विरार लोकलने कामाला जाणारं जोडपं अशा आकड्यावर विसंबून मुलाच्या फीचा निर्णय घेतं, तेव्हा चूक अ‍ॅपची असते आणि हप्ता परत गेल्याचा दंड त्यांचा असतो. सप्टेंबर २०२१पासून खातेदाराच्या संमतीने बँकेकडून थेट माहिती देणारी अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्था सुरू झाली, ही मोठी सुधारणा आहे. पण आपल्या गल्लोगल्लीच्या पतपेढ्या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत, म्हणून पिग्मीचे रोजचे पैसे त्या चित्रात दिसत नाहीत. आणि अ‍ॅपच बंद पडलं तर? अमेरिकेत इंट्युइट कंपनीने मिंट हे लोकप्रिय अ‍ॅप २०२४मध्ये बंद केलं, तेव्हा वर्षानुवर्षं त्यात मांडलेला घरखर्च घेऊन लोकांना दुसरीकडे सोय बघावी लागली.

करसल्लागार मित्रांना ७ जून २०२१ विसरता येणार नाही. आयकराचं नवं पोर्टल त्या दिवशी सुरू झालं आणि पुढचे कित्येक आठवडे आपण अशिलांची बोलणी खाल्ली. विवरणपत्राची मुदत वाढवलेली असताना सॉफ्टवेअर उशिराचं शुल्क आणि व्याज लावत होतं. ऑगस्टमध्ये विभागाने ही चूक मान्य केली, सॉफ्टवेअर दुरुस्त केल्याचं सांगितलं आणि जादा भरलेली रक्कम परत मिळेल असं जाहीर केलं. ‘आमच्या सॉफ्टवेअरने चुकीची आकारणी केली’ हे वाक्य सरकारी खात्याला जाहीरपणे म्हणता येतं, तर आपल्याला का जड जावं?

हे वाक्य न म्हटल्याने काय होतं, ते ब्रिटनमध्ये घडलं आहे. तिथल्या टपाल खात्याने फुजित्सू कंपनीची होरायझन ही हिशेबाची प्रणाली १९९९पासून गावोगावच्या उपटपाल कार्यालयांत बसवली. प्रणाली नसलेली तूट दाखवू लागली. पोस्टमास्तर सांगत राहिले की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. खातं म्हणत राहिलं की संगणक चुकत नाही. नऊशेहून अधिक माणसं दोषी ठरली, काही तुरुंगात गेली, काहींनी घरं विकून न झालेली तूट भरली. प्रणालीत दोष होते, हे तिथल्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये मान्य केलं आणि २०२४मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तब्बल वीस वर्षं माणसाच्या शब्दाला पडद्यावरच्या आकड्यापुढे किंमत नव्हती.

आपला कायदा या बाबतीत शहाणा आहे. १८९१चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट बँकेच्या वहीतल्या नोंदीला पुरावा मानतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर २०००मध्ये त्यात दुरुस्ती झाली. संगणकाच्या प्रिंटआउटला पुराव्याचं स्थान मिळालं, पण एका अटीवर. संगणक प्रणालीची जबाबदारी असलेल्या माणसाने, त्या वेळी यंत्रणा नीट चालत होती, असं लेखी प्रमाणपत्र द्यायचं. म्हणजे आकड्याखाली माणसाची सही हवी. न्यायालयात जी सही लागते, ती काउंटरवर आलेल्या म्हाताऱ्या खातेदाराला का मिळू नये, हा आज माझा तुमच्यापुढचा प्रश्न आहे.

सही नसलेल्या आकड्याची किंमत आपल्या भागाने मोजली आहे. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा मिळाली. वसई-विरारमध्येही इमारती उभारणाऱ्या एचडीआयएलची कर्जं झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. खातेदाराच्या मोबाइलवर त्याची शिल्लक पैशापैशापर्यंत बरोबर होती. ती त्याला मिळत मात्र नव्हती.

मी जुन्या खतावण्यांकडे परत चला म्हणत नाही. यूपीआयने छोट्या विक्रेत्याची सुट्ट्या पैशांची कटकट संपवली, हप्ते आणि बिलं घरबसल्या भरता येऊ लागली, हे मोठं सुख आहे. मला आठवण करून द्यायची आहे ती सहकाराच्या मूळ प्रेरणेची. सावकाराच्या वहीत आपल्या नावावर काय लिहिलंय, हे कुळाला कळत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी वसईत कॅथॉलिक बँकेचा पाया घातला, तो लोकांच्या पैशाचा व्यवहार लोकांच्या हाती यावा म्हणून. आज अ‍ॅपमधली वही पुन्हा तशीच न कळणारी झाली असेल, तर शंभर वर्षांपूर्वीचं काम आपल्यासमोर परत उभं आहे.

नियम आपल्या बाजूने नाहीत, ही सबब चालणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार एटीएममधून पैसे न येता खात्यातून कटले, तर पाच दिवसांत परत जमा झाले पाहिजेत. यूपीआयने एका माणसाकडून दुसऱ्याला पाठवलेली रक्कम अडकली, तर एका दिवसात. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही खातेदाराने अर्ज करण्याची वाट न पाहता. ‘वाट न पाहता’ हे शब्द पुन्हा वाचा. आपण किती वेळा खातेदाराला अर्ज लिहायला बसवतो? न केलेला व्यवहार खात्यात दिसला, तर जबाबदारी खातेदाराची आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. सहकारी बँकांसाठी हा नियम डिसेंबर २०१७पासून आहे. तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतपेढीच्या सभासदाला मात्र ते दार नाही, त्याला सहकार निबंधकांकडे जावं लागतं. म्हणून पतपेढ्यांच्या संचालकांवर माझ्या मते अधिक जबाबदारी येते.

दुपारच्या सत्रात एक ठराव मांडला जाणार आहे. यंत्रणा बंद पडली तर केव्हा पडली आणि केव्हा सुरू झाली, हे मराठीत लिहून शाखेच्या दारावर लावायचं. अडकलेल्या व्यवहाराची लेखी पोच द्यायची, त्यावर अधिकाऱ्याचं नाव, सही आणि थेट फोन नंबर असेल. भरपाईचे १०० रुपये न मागता जमा करायचे आणि पासबुकात त्याची वेगळी नोंद करायची. पासबुक छापून देणं कुठल्याही शाखेने बंद करायचं नाही. मसुदा तुमच्या फायलीत आहे. त्यावरच्या चर्चेत पहिल्यांदा खातेदारांनी बोलावं आणि त्यांचं बोलून होईपर्यंत आपण कुणीही मध्ये खुलासा करू नये, अशी अध्यक्ष म्हणून माझी विनंती आहे.